जुनी वाडी, नवे बिऱ्हाड

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. घर मोडून पाहावे, असे मात्र कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. मोडायला अनुभव लागत नाही हेच त्याचे कारण असावे. दोन माणसे आणि एक पहार असली की दीडशे वर्षांचे घर चार दिवसांत जमिनीला मिळते.

हे सुचण्याला निमित्त झाले ते आमच्या गावचे. वर्धा जिल्ह्यातले हे लहानसे गाव. गावाच्या शिवेला लागून एका जुन्या मालगुजाराचा मळा आहे आणि मळ्यात एक घर आहे. पुढे ओसरी, मध्ये चौक, चौकाच्या एका अंगाला धान्याचे कोठार, दुसऱ्या अंगाला वीस बैल उभे राहतील एवढा गोठा, मागे विहीर. भिंती दोन हात रुंद आणि मातीच्या. वर सागाचे आढे आणि कवेलू. एके काळी या घरात सकाळी सहा सालदार न्याहारीला बसत, असे म्हातारी माणसे सांगतात. १९५१ साली मालगुजारी गेली, मग जमीन वाटली गेली, मग माणसे नागपूरला आणि पुण्याला पांगली. शेवटी गेल्या वर्षी वारसांनी सगळ्यांच्या सह्या गोळा करून ते घर गावाला देऊन टाकले आणि कळवले, ‘गावाच्या कामाला लावा.’

गावाला घर मिळाले आणि भांडण फुकट मिळाले. तरुण मंडळींचे म्हणणे, हे पाडा आणि सिमेंटचे छानसे सभागृह बांधा. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, पाडू नका. पण मग त्याचे करायचे काय, हे त्यांनाही सांगता येईना. सभेत आमचा एक जुना विद्यार्थी उठून म्हणाला, “गुरुजी कादंबऱ्या लिहितात. त्यांना पडक्या घराचा लळा असणारच. त्यांना विचारूच नका!” सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य मनातून जाईना. खरेच, लळा ही काही घर राखण्याची सबब नव्हे. एखादे घर ठेवायचे ते कशासाठी, याचे उत्तर लळ्याच्या बाहेर शोधले पाहिजे.

मी काही इतिहासाचा पदवीधर नव्हे. पण आमच्या जिल्ह्याचे एक भाग्य असे, की या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. वर्ध्याच्या आसपास पाचसहा मैलांच्या टापूत अशी कितीतरी ठिकाणे आहेत, जिथे एका सावकाराच्या बागा आणि बंगले उभ्याचे उभे समाजाच्या कामाला लागले. त्या सावकाराचे नाव जमनालाल बजाज.

जमनालालजींचा जन्म १८८९ सालचा, राजस्थानातल्या सीकरकडचा. लहानपणीच ते वर्ध्याच्या बच्छराजांच्या घरी दत्तक आले. कापसाचा मोठा व्यापार, गावोगावी जमीन, सरकारदरबारी रायबहादुरकी. असहकाराच्या चळवळीत त्यांनी ती रायबहादुरकी परत केली. १९२८ साली वर्ध्याच्या आपल्या घराण्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराचे दार त्यांनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडून दिले. माझ्या मते पुढच्या साऱ्या गोष्टीची नांदी या देवळापाशी आहे. तिथे एक वीटही नवी बसली नाही. देऊळ तेच, मूर्ती तीच, घंटा तीच; पायरीवरून आत जाणारी माणसे तेवढी नवी. आणि एवढ्याशा बदलासाठी जे धैर्य लागले, ते दहा नवी देवळे बांधायला लागले नसते.

याच सुमारास गांधीजी साबरमतीला होते. १२ मार्च १९३० रोजी ते दांडीला निघाले, ते स्वराज्य मिळाल्याखेरीज या आश्रमात परतणार नाही, असे ठरवून. १९३३ साली त्यांनी तो आश्रम विसर्जित केला आणि ती वास्तू हरिजनसेवेच्या कामाला दिली. म्हणजे वर्ध्यात पाऊल टाकण्याआधीच एका बांधलेल्या घराला दुसरे काम देऊन ते आले होते. वर्ध्याला ते १९३३ च्या सप्टेंबरात आले. जमनालालजींचा आग्रह जुना होता, तो असा फळाला आला.

पुढच्या वर्षी, १९३४ च्या ऑक्टोबरात, मुंबईच्या अधिवेशनाच्या वेळी गांधीजी काँग्रेसमधून बाहेर पडले आणि ग्रामोद्योगांच्या मागे लागले. डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू, मंत्री जे. सी. कुमारप्पा. आता संघ म्हटला की कचेरी आली, कार्यकर्ते आले, त्यांची बिऱ्हाडे आली, घाणे आले, कागदाचे हौद आले. एखाद्याने आधी जागा घेतली असती, नकाशे काढले असते, देणग्यांची यादी फिरवली असती. पायाभरणीच्या समारंभातच एक वर्ष गेले असते. इथे तसे झाले नाही. वर्ध्यात जमनालालजींची सुमारे वीस एकरांची एक बाग होती आणि बागेत घर होते. ते त्यांनी संघाला दिले. गांधीजींचे पुतणे आणि साबरमती आश्रमाचा प्राण असलेले मगनलाल १९२८ साली वारले होते. त्यांच्या नावावरून बागेला मगनवाडी म्हणू लागले.

१९३५ सालचे बरेचसे दिवस गांधीजी या मगनवाडीत राहिले. शेठजींच्या विसाव्याच्या जागी आता जाती फिरू लागली, भाताची मुसळे चालू लागली, तेलाचा घाणा कुरकुरू लागला. कुमारप्पा म्हणजे विलायतेत शिकून आलेले हिशेबतपासनीस. मुंबईतला धंदा सोडून आलेले. तेही या बागेत राहून घाण्याच्या तेलाचा आणि हातकागदाचा हिशेब मांडू लागले. इथल्या कार्यकर्त्यांनी सुधारलेल्या घाण्याला पुढे मगनवाडी घाणा हेच नाव पडले. गांधीजींची मंडळी इथूनच पहाटे शेजारच्या सिंदी गावी सफाईला जात. आणि गांधीजी पुढे सेगावला राहायला गेल्यावर महादेवभाई देसाई मगनवाडीतच राहून ऐन उन्हाळ्यात रोज पायी सेगावला जात आणि परत येत. जाऊन-येऊन अकरा मैलांची ती वाट. वर्ध्याचे वैशाखातले ऊन ज्यांनी सोसले आहे, त्यांना त्या अकरा मैलांचा अर्थ निराळा सांगायला नको.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मगनवाडीत काहीच नवे बांधले नाही, असे नव्हे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले, ते नव्या इमारतीत. म्हणजे ‘नवे बांधायचे नाही’ हे काही व्रत नव्हते. पण क्रम पाहा. काम आधी, चार वर्षे, बागेतल्या घरात. कामाने पाळेमुळे धरल्यावर त्याला जेवढी जागा कमी पडली, तेवढीच मागाहून बांधली. आपल्याकडे पुष्कळदा उलटे होते. इमारत आधी उभी राहते आणि मग तिच्यात कोणते काम ठेवायचे, याची चिंता सुरू होते. मग तिला कुलूप लागते आणि त्या कुलपाची किल्ली कोणाकडे, यावर दोन पक्ष पडतात.

सेगावची गोष्ट थोडी निराळी. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तिथे गेले. त्या गावातही जमनालालजींची जमीन होती, पण राहण्याजोगे घर नव्हते. तेव्हा बांधणे भाग होते. शंभर रुपयांच्या वर खर्च होऊ नये आणि सामान आसपासचेच असावे, ही त्यावेळी गांधीजींनी घातलेली अट प्रसिद्धच आहे. पण एकदा त्या झोपड्या उभ्या राहिल्यावर त्यांची बिऱ्हाडे कशी बदलत गेली, हे पाहण्याजोगे आहे. आज यात्रेकरू जिला बापूकुटी म्हणून हात जोडतात, ती मुळात मीराबेनची झोपडी. गांधीजींसाठी ती बांधलेलीच नव्हती. आखरी निवास म्हणून दाखवतात ते घर जमनालालजींसाठी उभारलेले. १९४६ च्या ऑगस्टात गांधीजी सेवाग्राम सोडून गेले ते तिथून. आणि बिर्लांनी पाहुण्यांसाठी बांधलेल्या घरात १९४५ साली स्त्रियांचे आणि मुलांचे पंधरा खाटांचे कस्तुरबा रुग्णालय सुरू झाले. सुशीला नय्यर त्याच्या प्रमुख. त्याच रुग्णालयाच्या आधाराने १९६९ साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पाहुण्यांच्या घरात खाटा होत्याच. त्यांवर पाहुण्यांच्या जागी बाळंतिणी निजल्या, म्हणून एवढा वटवृक्ष झाला.

आता ज्या ठिकाणासाठी मी त्या रविवारी सायकल काढली, तिकडे वळू.

वर्ध्याहून पाचएक मैलांवर धाम नदीच्या काठी पवनार आहे. गाव फार जुने. वाकाटकांच्या दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. पुढे मनसरच्या उत्खननानंतर काही पंडितांनी तो मान तिकडे नेला. वाद पंडितांनी मिटवावा. १९६७ साली नागपूर विद्यापीठाने पवनारला उत्खनन केले आणि वस्तीचे थर फार मागे जातात, हे दाखवून दिले. अशा या गावापलीकडे, नदीच्या दुसऱ्या तीरावर, टेकाडावर जमनालालजींचा एक बंगला होता. भोवती जमीन, समोर नदी. लाल बंगला म्हणत त्याला.

१९३८ साली विनोबा फार खंगले होते. वजन अवघे ८८ पौंडांवर आले होते. गांधीजींनी त्यांना हवा पालटायला कुठेतरी थंड ठिकाणी जाण्याचा आग्रह केला. विनोबांनी विचार केला, की हवाच पालटायची तर पवनारचा बंगला काय वाईट! ७ मार्च १९३८ रोजी ते मोटारीने निघाले. धामवरच्या पुलावरून जाताना त्यांनी मनाशी तीनदा म्हटले, की सारे सोडले. सगळ्या कामांच्या चिंतेचे गाठोडे त्यांनी असे नदीच्या अलीकडे टाकले. धामच्या पलीकडचे म्हणून त्या जागेला परमधाम नाव पडले.

आणि मग या आजारी माणसाने त्या बंगल्यात काय करावे? कुदळ घेतली आणि भोवतालची जमीन खणायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पाच मिनिटे. मग रोज थोडी थोडी वाढवत. दहा महिन्यांत वजन ८८ चे १२८ पौंड झाले. एका धनिकाने हवा खाण्यासाठी बांधलेला बंगला. त्यात हवा खायलाच एक माणूस आला आणि घाम गाळून बरा झाला. बंगल्याचे छप्पर बदलले नाही, खिडक्या बदलल्या नाहीत. राहणाऱ्याचा दिनक्रम तेवढा बदलला आणि बंगल्याचा आश्रम झाला.

खणता खणता जमिनीतून जुनी कोरीव शिल्पे निघू लागली. एका शिळेत विनोबांना राम आणि भरत यांची भेट दिसली. आज ती शिळा तिथे पूजेला आहे. कोणी शास्त्रज्ञ त्या शिल्पांचा अर्थ वेगळा लावतात, लावोत. मला मौज वाटते ती दुसरीच. राज्य हाती येऊनही ते आपले न मानता पादुका ठेवून सांभाळणारा भरत नेमका या जमिनीत सापडावा!

याच परमधामातून १९४० च्या ऑक्टोबरात विनोबा वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून बाहेर पडले. गांधीजींच्या हत्येनंतर १२ फेब्रुवारी १९४८ रोजी इथेच धाम नदीत त्यांच्या अस्थी विसर्जित झाल्या. दर वर्षी त्या तिथीला इथे सर्वोदय मेळा भरत आला आहे. १९५० साली इथे कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू झाला. पैशावाचून जगायचे, तर भाजी पिकवली पाहिजे. भाजीला पाणी हवे, म्हणून विहीर खणली. बैल नाहीत, तर राहाट माणसांनी ओढला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये विनोबा इथूनच पायी निघाले आणि १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीला पोचले. तिथल्या भूमिहीन हरिजनांनी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदाराने उठून शंभर एकर देऊ केली. भूदान सुरू झाले ते असे.

मला वाटते, पवनारचा बंगला आणि पोचमपल्लीची जमीन ही एकाच विचाराची दोन रूपे. जमीन काही नवी निर्माण करता येत नाही. ती आहे तेवढीच आहे. तिने हात बदलले पाहिजेत. घराचेही तसेच. आणि म्हणूनच भूदानाच्या इतिहासातले दुसरे पानही वाचले पाहिजे. चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन दानपत्रांवर चढली. पण त्यातली बरीचशी कधी वाटलीच गेली नाही. कुठे ती बरड निघाली, कुठे वादातली, कुठे कागद होते आणि मागे लागणारा माणूस नव्हता. दान मिळणे एका दिवसाचे काम असते. दिलेली वस्तू कामाला लागणे हे त्यानंतरच्या हजार दिवसांचे काम. पवनारचा बंगला टिकला, तो जमनालालजींनी दिला एवढ्यानेच नव्हे. तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी कुदळ घेतली, म्हणून.

जमनालालजींनीही आपल्या अखेरच्या दिवसांत स्वतःचे बिऱ्हाड बदलले. १९४१ साली त्यांनी गोसेवेचे काम हाती घेतले आणि गोपुरीला झोपडीत जाऊन राहिले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते वारले. इतक्या घरांचा धनी शेवटी कुडाच्या आसऱ्याला गेला. घरे देण्याची सवय लागलेल्या माणसाला मग घर लागेनासे होते की काय कोण जाणे.

२५ मार्च १९५९ रोजी पवनारला ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. स्त्रियांनी स्वतः चालवायचा हा आश्रम. शेती, स्वयंपाक, सफाई, छापखाना ही सारी कामे त्यांनीच करायची; आणि निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वांच्या संमतीने घ्यायचा. शेठजींच्या बंगल्याच्या आवारात बायकांचे राज्य! वर्षांनुवर्षे पदयात्रा करून विनोबाही अखेर इथेच येऊन राहिले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी अन्नपाणी सोडून त्यांनी इथेच देह ठेवला. तो दिवस दिवाळीचा होता.

मी पवनारला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. आवारात एक वृद्ध बहीण शेंगा निवडत बसल्या होत्या. मी आमच्या गावच्या घराची हकिगत सांगितली आणि विचारले, “ताई, जुने घर राखायचे म्हणजे काय काय करावे?”

त्यांनी वर न पाहताच उत्तर दिले, “भाऊ, रोज झाडावे.”

परतीच्या वाटेवर मी त्या उत्तरावर पुष्कळ विचार केला. घराला झाडणारे हात हवेत, म्हणजे रोज येणारे काम हवे. तेव्हा घर पाडावे की राखावे, हा आमचा प्रश्नच उलटा होता. आमच्या गावात रोज चालणारे असे कोणते काम आहे, ज्याला जागा नाही? हे आधी विचारायला हवे होते. पुढच्या सभेत मी तेवढेच विचारले. आधी कोणी बोलेना. मग एक बाई म्हणाल्या, की बचत गटाला बसायला जागा नाही. आम्ही देवळाच्या पायरीवर बसून हिशेब करतो. एक पोरगा म्हणाला, दहावीच्या मुलांना संध्याकाळी अभ्यासाला घरात जागा नसते. कोणी म्हणाले, तूर ठेवायला कोरडी जागा नाही, म्हणून पडेल त्या भावाने विकावी लागते. मोजता मोजता पाच कामे निघाली. आणि गंमत अशी, की त्या पाचही कामांना वर्षातून चारदा भरणाऱ्या सभागृहाचा काहीच उपयोग नव्हता. कोठार, ओसरी, चौक आणि गोठा यांचा मात्र होता. तुरीसाठी कोरडी जागा हवी, तर कोठार त्यासाठीच बांधलेले होते! घर मुळात कास्तकाराचे, गावही कास्तकारांचे. दोघांच्या गरजा फारशा लांब नव्हत्या.

तरुण मंडळी एकदम पटली, असे मी म्हणणार नाही. “एक पावसाळा पाहू, गळले तर पाडू,” अशा बोलीवर त्यांनी होकार दिला. मग त्यांनीच वर चढून कवेलू फेरले, कुजलेले चार वासे बदलले, आणि बायकांनी भिंती लिंपल्या. पावसाळा गेला. एका कोपऱ्यात थोडे गळले. ते कवेलू नीट बसवले, आणि पाडण्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

गोठ्यात आता मुलांची अभ्यासिका आहे. खुंटे काढले, जमीन चोपून सारवली. गव्हाण तेवढी काढायची राहिली होती. दगडामातीची, भिंतीला धरून लांबच लांब. ती फोडावी तर भिंतीला धक्का लागेल, असे गवंडी म्हणाला. तेव्हा मुलांनी ती धुऊन पुसून तिच्यात फळ्या टाकल्या आणि पुस्तके मांडली. जिथे बैल कडबा खात, तिथे आता मुले वाकून पुस्तके शोधतात. त्यांतल्या काहींचा रवंथ करण्याचा वेगही साधारण तोच आहे, हे मास्तर म्हणून मला ठाऊक आहे.

परवा वसुबारसेला संध्याकाळी दिवा लावायला म्हणून मी तिकडे गेलो. त्या घरच्या जुन्या सालदाराची म्हातारी बायको पणती घेऊन दारात उभी होती. लग्न होऊन आल्यापासून दर वसुबारसेला तिने या गोठ्यात पणती लावली. घराला कुलूप होते त्या वर्षांत बाहेर उंबऱ्यावर लावली. आत गायबैल नाहीत, हे तिला माहीत होते. तरी ती आत आली, गव्हाणीतल्या पुस्तकांकडे थोडा वेळ पाहत राहिली आणि मला म्हणाली,

“गुरुजी, पणती कुठं ठेवू? पुस्तकाईले आच नको लागाले.”

एका मुलाने उठून कोनाड्यातली आपली वह्यांची थप्पी काढून घेतली आणि तिला जागा करून दिली.